वैद्यकीय उपकरणांतील हिरा: प्रश्न कठीणपणाचा नसून जोडाचा आहे

शलाका (धागाकर्ती)

हिऱ्याचा उपयोग शरीरात बसवायच्या उपकरणांत आणि वैद्यकीय सेन्सरांत करण्याविषयी जे लेख वाचायला मिळतात, त्यांतील बहुतेक लेख हिऱ्याच्या कठीणपणापासून सुरू होतात आणि तेथेच रेंगाळतात. मी पदार्थविज्ञानात काम करते आणि गेली काही वर्षे माझा संबंध हिऱ्याच्या पातळ थरांशी आहे. माझे मत असे की वैद्यकाच्या दृष्टीने कठीणपणा हा हिऱ्याचा सर्वांत कमी उपयोगाचा गुण आहे. सर्वांना माहीत असल्यामुळे तो आधी सांगितला जातो, इतकेच.

शरीरातील द्रव हे कोमट आणि क्लोराइडयुक्त खारे पाणी असते. त्यात प्रथिने असतात, आणि परक्या वस्तूवर हल्ला करणाऱ्या पेशी पेरॉक्साइडसारखी तीव्र रसायने सोडतात. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे न झिजणारे, न गंजणारे आणि आसपासच्या ऊतींना त्रास न देणारे पदार्थ फार थोडे आहेत. कार्बनचे एक रूप, म्हणजे पायरोलिटिक कार्बन, हृदयाच्या कृत्रिम झडपांमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे, त्यामुळे कार्बन शरीराला चालतो हे नव्याने सिद्ध करावे लागत नाही. हिरा त्याच्या पुढे जातो. शुद्ध हिरा विद्युतरोधक असतो, बोरॉन मिसळल्यावर तो धातूसारखा वाहक होऊ शकतो आणि नायट्रोजनच्या विशिष्ट दोषांमुळे तो प्रकाशमान सेन्सरही होतो. उपकरणाचे कवच, त्याचा इलेक्ट्रोड आणि त्याचा सेन्सर हे तिन्ही एकाच मूलद्रव्यातून घडवता येण्याची शक्यता मला या विषयाकडे खेचत आली आहे.

हा हिरा खाणीतला नसतो. मिथेनचा साधारण एक टक्का अंश असलेल्या हायड्रोजन वायूचा सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने प्लाझ्मा केला जातो आणि ७०० ते ९०० अंश सेल्सिअसला तापलेल्या पृष्ठभागावर कार्बनचा थर हिऱ्याच्या रचनेत साचत जातो. या पद्धतीला सीव्हीडी म्हणतात. पृष्ठभाग हिऱ्याचा नसेल, तर त्यावर आधी चार-पाच नॅनोमीटर आकाराचे हिऱ्याचे कण बीज म्हणून पेरावे लागतात.

माझा मुख्य मुद्दा असा: हिरा स्वतः क्वचितच निकामी होतो. निकामी होतो तो हिरा आणि त्याखालील धातू यांच्यामधला जोड, हिरा आणि तार यांच्यामधला जोड, किंवा हिरा आणि पेशी यांच्यामधली सरहद्द. ज्यांनी या क्षेत्राच्या वेगवेगळ्या बाजू जवळून पाहिल्या आहेत, त्यांनी आपापल्या ठिकाणचा जोड कसा आहे ते येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती.

अस्थिवेध

शलाकाताई, आपला मुद्दा आमच्या अस्थिशल्यचिकित्सेत फार महाग किंमत देऊन शिकला गेला आहे, म्हणून तो इतिहास येथे नोंदवतो. १९९०च्या दशकात युरोपमध्ये कृत्रिम खुब्याच्या टिटॅनियम मिश्रधातूच्या गोळ्यावर डीएलसी, म्हणजे हिऱ्यासारख्या कार्बनचा थर देऊन तो पॉलिएथिलीनच्या वाटीत फिरवण्याचा प्रयोग रुग्णांवर झाला. कल्पना आकर्षक होती, कारण पॉलिएथिलीनच्या झिजेतून निघणाऱ्या बारीक कणांमुळे हाड विरघळते आणि सांधा सैल होतो, आणि गुळगुळीत, कठीण गोळा ही झीज कमी करील असे वाटत होते. प्रयोगशाळेतील यंत्रांवर निष्कर्ष चांगले आले होते. रुग्णांमध्येही पहिले दीड वर्ष सिरॅमिकच्या गोळ्याशी तुलना करता फरक दिसला नाही. त्यानंतर मात्र सांधे सैल होऊ लागले, पुनर्शस्त्रक्रियांचे प्रमाण सिरॅमिकच्या गटापेक्षा बरेच वाढले, आणि बाहेर काढलेल्या गोळ्यांवर खड्डे पडून थराचे पोपडे सुटलेले आढळले. सुटलेला कठीण तुकडा मग सांध्यातच राहून कानसीचे काम करतो.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. डीएलसी म्हणजे हिरा नव्हे. तो स्फटिकरहित कार्बन असतो, ज्यात हिऱ्याच्या आणि ग्राफाइटच्या प्रकारचे बंध मिसळलेले असतात, आणि तो कमी तापमानाला बसवता येतो. विक्रीच्या पत्रकांमध्ये हा भेद हमखास पुसला जातो. शस्त्रक्रियेच्या हत्यारांवर किंवा इतर यंत्रभागांवर डीएलसी उत्तम काम देतो. सांध्यात दर वर्षी दहा लाखांच्या आसपास पावले पडतात आणि भोवती खारे द्रव असते, तेथील परीक्षा वेगळी असते.

खऱ्या हिऱ्याचा थर सांध्यावर टिकेल का, हे आपण सांगावे.

शलाका

डॉक्टरसाहेब, मोलाची नोंद. आपण वर्णन केलेल्या बिघाडात पाण्याचा वाटा मोठा असतो. वरच्या थरात सुईच्या टोकाएवढे छिद्र असले, तरी द्रव खाली उतरतो आणि कोंदट जागेत ऑक्सिजन संपून आम्लता वाढते. थर आणि धातू यांच्यामध्ये पकडीसाठी घातलेला मधला पातळ थर मग हळूहळू गंजतो. ही क्रिया वर्षांच्या गतीने चालते आणि यंत्रावरील काही आठवड्यांच्या परीक्षेत ती दिसतच नाही. पकड किती आहे एवढे विचारून चालत नाही. ती ओलाव्यात किती वर्षे राहते, हे विचारावे लागते.

खऱ्या हिऱ्याच्या बाबतीत अडचण आणखी आधी सुरू होते. हिरा तापमानाने फार थोडा प्रसरण पावतो, दर अंशाला दहा लाखांत एक भाग एवढा, तर टिटॅनियम मिश्रधातू त्याच्या आठ-नऊ पट प्रसरण पावतो. ८०० अंशांना थर साचवून तो खोलीच्या तापमानाला आणला की धातू आक्रसतो, हिरा आक्रसत नाही, आणि थरामध्ये काही गिगापास्कल एवढा दाब कोंडला जातो. थर जितका जाड, तितकी त्यात साठलेली ऊर्जा अधिक, आणि एखाद्या कडेपासून तो उचलला जाण्याचा धोकाही अधिक. टिटॅनियमवर निदान टायटॅनियम कार्बाइडचा दुवा आपोआप तयार होतो आणि पकडीला मदत करतो. सांध्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोम मिश्रधातूत तेही नाही, कारण कोबाल्ट कार्बनला हिऱ्याऐवजी ग्राफाइट होण्याकडे ढकलतो. शिवाय तापलेला हायड्रोजन टिटॅनियममध्ये शिरून त्याला ठिसूळ करतो. सांध्यांवर हिऱ्याचा थर हा मार्ग मला आज तरी आशादायक वाटत नाही, आणि सिरॅमिकचे गोळे इतके चांगले झालेले असताना त्याची निकडही दिसत नाही.

विद्युतरसायनी

आता माझ्या बाजूविषयी. येथे हिरा पर्यायी पदार्थ म्हणून नव्हे, तर इतरांना न जमणारी गोष्ट करणारा पदार्थ म्हणून येतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याचा इलेक्ट्रोड पाण्यात बुडवून त्यावरील विद्युतदाब बदलत नेला, तर पाण्याचे विघटन फार उशिरा सुरू होते. प्लॅटिनमवर साधारण सव्वा ते दीड व्होल्टच्या पट्ट्यातच काम करावे लागते, तर चांगल्या हिऱ्यावर हा पट्टा तीन व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून रुंद मिळतो. त्याच्या जोडीला पृष्ठभागावर वाहणारा पार्श्वप्रवाह काचसदृश कार्बनच्या तुलनेत कितीतरी कमी असतो. मोजायचा संकेत नॅनोअँपिअरमध्ये असताना मागचा गोंगाट कमी असणे हीच सर्वांत मोठी मिळकत ठरते. जपानमध्ये अकिरा फुजिशिमा आणि पुढे केओ विद्यापीठातील यासुआकी एइनागा यांच्या गटांनी या विषयाचा पाया भक्कम केला.

डोपामाइन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचे उदाहरण घेऊ. मेंदूतील द्रवात डोपामाइन अत्यल्प असते आणि ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, त्याच्या कितीतरी पट असते. साध्या कार्बन इलेक्ट्रोडवर दोहोंचे ऑक्सिडेशन जवळजवळ एकाच विद्युतदाबाला होते, त्यामुळे संकेत एकमेकांत मिसळतात. हिऱ्याच्या पृष्ठभागाला विद्युतरासायनिक रीतीने ऑक्सिजन जोडला, तर कार्बन-ऑक्सिजन बंधांची ऋण टोके बाहेर येतात. शरीराच्या आम्लतेला ॲस्कॉर्बिक आम्ल ऋणभारित असते, म्हणून ते दूर ढकलले जाते आणि त्याच्या ऑक्सिडेशनला अधिक विद्युतदाब लागतो. डोपामाइन धनभारित असल्यामुळे त्याला ही अडचण येत नाही. कोणतेही एन्झाइम किंवा पडदा न वापरता, केवळ पृष्ठभागावरील अणूंच्या एका थरामुळे दोन रेणू वेगळे ओळखता येतात. शलाकाताईंनी ज्याला सरहद्द म्हटले, ती येथे अडचण नसून साधन आहे.

शरीरातील प्रत्यक्ष मोजमापांपैकी दोन कामे वाचण्यासारखी आहेत. २०१७ साली जपानी संशोधकांनी गिनीपिगच्या कानातील शंखात हिऱ्याचा सूक्ष्म इलेक्ट्रोड उतरवून ब्युमेटॅनाइड या मूत्रल औषधाचे प्रमाण क्षणाक्षणाला मोजले आणि त्याच वेळी शेजारी ठेवलेल्या काचेच्या सूक्ष्म इलेक्ट्रोडने तेथील विद्युतविभव कसे बदलते तेही नोंदवले. औषध त्या जागी पोचले कधी आणि त्याचा परिणाम सुरू झाला कधी, हे एकाच आलेखावर दिसले. रक्ताच्या नमुन्यावरून असे काही कळू शकत नाही. दुसरे काम अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे आहे. खोल मेंदू उद्दीपनाच्या, म्हणजे मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवून विद्युतस्पंद देण्याच्या, शस्त्रक्रियेदरम्यान रुग्णांच्या मेंदूत रासायनिक बदल मोजण्यासाठी तेथील गटाने हिऱ्याचा लेप असलेला इलेक्ट्रोड वापरला आणि ते काम २०१६ साली प्रसिद्ध झाले. पूर्वीचे कार्बन तंतूचे इलेक्ट्रोड प्राण्यांमध्ये चांगले चालत, परंतु माणसाच्या मेंदूत वापरण्यासाठी ते फार नाजूक होते.

मर्यादाही सांगतो. प्रथिने हिऱ्यावर इतर पृष्ठभागांपेक्षा कमी चिकटतात, परंतु चिकटतच नाहीत असे नाही. दिलासा इतकाच की मळलेल्या हिऱ्यावर तीव्र विद्युतदाब देऊन पृष्ठभाग जागेवर स्वच्छ करता येतो. धातूला किंवा साध्या कार्बनला तो दाब सोसत नाही. अर्थात शरीरात असताना हा उपचार किती तीव्र असावा, यावर ऊतींच्या सुरक्षिततेची मर्यादा येतेच.

मीनल_को

चर्चा लक्षपूर्वक वाचत आहे. माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि ते दंडावर लावायचा सतत ग्लुकोज मोजणारा सेन्सर वापरतात, जो दर काही दिवसांनी बदलावा लागतो आणि खर्चिक पडतो. हिऱ्याचा इलेक्ट्रोड वापरल्यास तो सेन्सर महिनोन्‌महिने टिकेल का?

विद्युतरसायनी

मीनलताई, केवळ इलेक्ट्रोड बदलून तसे होणार नाही. त्या सेन्सरमध्ये ग्लुकोज ओळखण्याचे काम ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम करते आणि इलेक्ट्रोड फक्त त्या क्रियेतून आलेले इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड मोजतो. सेन्सरचे आयुष्य ठरते ते एन्झाइमचा ऱ्हास, चिकटपट्टीची पकड आणि सुईभोवती शरीराने उभारलेला तंतुमय थर यांवरून. हिऱ्याने यांपैकी काहीच सुटत नाही. उलट, कोरा हिरा हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाबतीत मंद आहे, त्यावर प्लॅटिनमसारख्या धातूचे कण बसवल्याशिवाय पुरेसा संकेत मिळत नाही, आणि मग हिऱ्याचे निम्मे फायदे गेल्यासारखेच होतात. वडिलांसाठी आज उपलब्ध असलेल्या सेन्सरांपैकी कोणता योग्य, हे त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. हिऱ्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

यारातीरी (मेलबर्न)

मेलबर्नमध्ये राहत असल्यामुळे येथील कृत्रिम दृष्टीच्या प्रकल्पाकडे माझे अनेक वर्षे लक्ष आहे. रेटिनायटिस पिगमेंटोझा या आजारात डोळ्यातील प्रकाशग्राही पेशी मरतात, परंतु त्यांच्यामागच्या चेतापेशींपैकी बऱ्याच शिल्लक राहतात. त्यांना विद्युतस्पंदांनी चेतवून प्रकाशाचे ठिपके दाखवणे, ही मूळ कल्पना आहे. ठिपके जितके अधिक आणि जितके बारीक, तितके चित्र उपयोगी. इलेक्ट्रोड बारीक केला की तेवढाच विद्युतभार लहान क्षेत्रातून पाठवावा लागतो, आणि एका मर्यादेपलीकडे पाणी फुटू लागते किंवा धातू विरघळू लागतो.

मेलबर्न विद्यापीठातील स्टीव्हन प्रॉवर आणि डेव्हिड गॅरेट यांच्या गटाने या ठिकाणी बोरॉनऐवजी नायट्रोजन मिसळलेला, अतिसूक्ष्म कणांचा हिरा निवडला. त्याचे कारण या धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेले आहे. वर ज्या कमी पार्श्वप्रवाहाची प्रशंसा झाली, त्याचे मूळ हिऱ्याच्या पृष्ठभागाच्या अल्प धारितेत, म्हणजे भार साठवण्याच्या कमी क्षमतेत, आहे. मोजमापासाठी ती गुण ठरते आणि चेतापेशी चेतवण्यासाठी तीच दोष ठरते, कारण भार साठवायला जागाच नसते. अतिसूक्ष्म कणांच्या हिऱ्यात कणांच्या सीमांवर ग्राफाइटसारखा कार्बन असतो, आणि त्याच्या पृष्ठभागावर विद्युतरासायनिक प्रक्रिया केली की धारिता कितीतरी वाढते. एकच पदार्थ दोन कामांसाठी दोन विरुद्ध दिशांनी घडवावा लागतो, हे सामान्य लेखांत सहसा सांगितले जात नाही.

त्यांची रचना २५६ इलेक्ट्रोडांची होती. विद्युतरोधक हिऱ्याच्या पाटीत वाहक हिऱ्याचे खांब वाढवायचे, आतल्या बाजूला इलेक्ट्रॉनिक चिप जोडायची आणि वरून हिऱ्याचेच झाकण बसवून डबी कायमची बंद करायची. आर्द्रता आत शिरली तर चिप मरते, म्हणून डबी हवाबंद असणे अनिवार्य आहे. हिरा हिऱ्याला वितळवून जोडता येत नाही, तो तापवला तर ग्राफाइट होतो किंवा हवेत जळतो. त्यासाठी सोन्याच्या सक्रिय मिश्रधातूचे डाख वापरण्यात आले, जे हिऱ्याला धरून ठेवते आणि शरीरात टिकते. पुन्हा जोडच.

एक खबरदारीही नोंदवतो, कारण वृत्तपत्रांत गोष्टी मिसळल्या जातात. २०१२ साली मेलबर्नमध्ये तीन रुग्णांना जे पहिले उपकरण बसवले गेले, ते २४ प्लॅटिनम इलेक्ट्रोडांचे होते. पुढच्या ४४ इलेक्ट्रोडांच्या उपकरणातही प्लॅटिनमच होते.

अस्थिवेध

डोळ्याच्या किंवा मेंदूच्या मऊ ऊतींमध्ये एवढा ताठ पदार्थ ठेवणे घातक नाही का? हाडाशेजारी धातूच्या ताठपणामुळेही हाड झिजते, हा आमचा नित्याचा अनुभव आहे.

यारातीरी (मेलबर्न)

शंका रास्त आहे. मेंदूची ऊती किलोपास्कलमध्ये मोजावी इतकी मऊ आणि हिरा हजार गिगापास्कलच्या वर, ही दरी कोणत्याही रसायनाने बुजत नाही. सिलिकन किंवा टंगस्टनही या हिशेबात फारसे वेगळे नाहीत, आणि त्यांच्याभोवतीही व्रणपेशींचे आवरण तयार होतेच. म्हणून काही गट आता हिऱ्याचे छोटे ठिपके लवचीक पॉलिमरच्या पट्टीवर बसवण्याच्या मागे आहेत. पॉलिमर ८०० अंश सोसत नाही, त्यामुळे हिरा आधी सिलिकनवर वाढवून नंतर पॉलिमरवर उचलून ठेवावा लागतो. शलाकाताईंच्या यादीत आणखी एका जोडाची भर पडली.

प्रकाशकण

भौतिकीच्या बाजूने लिहितो. हिऱ्याच्या जाळीत कार्बनच्या एका जागी नायट्रोजन आणि लगतची जागा रिकामी, अशा जोडीला नायट्रोजन-पोकळी केंद्र म्हणतात. त्यावर हिरवा प्रकाश टाकला की ते तांबडा प्रकाश देते, आणि त्या तांबड्या प्रकाशाची तीव्रता केंद्रातील इलेक्ट्रॉनांच्या फिरकीवर (स्पिनवर) अवलंबून असते. २.८७ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी दिल्या की फिरकी बदलते आणि प्रकाश किंचित मंदावतो. चुंबकीय क्षेत्र असेल तर ही वारंवारता दोन भागांत, म्हणजे वर्णपटातील दोन रेषांत, फुटते, आणि तापमान बदलले तर ती सरकते. सामान्य तापमानाला, जिवंत पेशीच्या शेजारी चालणारा असा पुंज (क्वांटम) सेन्सर दुसरा सहज सापडत नाही.

दोन आकडे शेजारी ठेवले की यातील कौशल्य आणि अडचण दोन्ही लक्षात येतात. एक नॅनोटेस्ला क्षेत्राने वारंवारता सुमारे २८ हर्ट्झ सरकते, तर एक अंश तापमानवाढीने ती सुमारे ७४ किलोहर्ट्झ खाली येते. म्हणजे हिरा अंशाच्या एक हजारांश भागाएवढा तापला, तर त्याचा परिणाम अडीच नॅनोटेस्लाहून अधिक क्षेत्रासारखा भासेल. सुदैवाने तापमान दोन्ही रेषांना एकाच दिशेने हलवते आणि चुंबकीय क्षेत्र त्यांना विरुद्ध दिशांना, म्हणून दोन्ही रेषा मोजल्या की गल्लत टळते.

हार्वर्डमधील गटाने २०१३ साली मानवी पेशीत नॅनोहिरे आणि सोन्याचे कण सोडले, सोन्याला लेसरने तापवले आणि पेशीच्या आतले तापमान मोजले. २०१६ साली हार्वर्डमध्येच एका सागरी कृमीच्या महाकाय चेतातंतूतून जाणाऱ्या एकेका स्पंदाचे चुंबकीय क्षेत्र हिऱ्याने नोंदवले. ते क्षेत्र नॅनोटेस्लाच्या घरातले होते. माणसाच्या छातीवर हृदयाचे क्षेत्र त्याहून बरेच लहान असते आणि डोक्यावर मेंदूचे क्षेत्र तर त्याच्याही कितीतरी खाली. त्यामुळे हिऱ्याचे शिरस्त्राण घालून मेंदूचा आलेख, ही कल्पना अजून दूर आहे. २०२२ साली जपानमध्ये उंदराच्या हृदयाचे चुंबकीय चित्र हिऱ्याने घेतले गेले, परंतु त्यासाठी छाती उघडून सेन्सर हृदयाच्या अगदी जवळ आणावा लागला.

मला सर्वांत आश्वासक वाटतो तो २०२० साली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या गटाने प्रसिद्ध केलेला कागदी पट्टीवरील चाचणीचा मार्ग. गरोदरपणाच्या किंवा कोविडच्या घरगुती चाचणीत जी रंगीत रेघ दिसते, ती बहुधा सोन्याच्या कणांची असते. त्यांनी सोन्याच्या जागी नॅनोहिरे वापरले आणि सूक्ष्मलहरी ठरावीक तालात चालू-बंद केल्या. त्यामुळे हिऱ्याचा प्रकाश त्याच तालात लुकलुकतो, कागदाचा स्वतःचा प्रकाश मात्र स्थिर राहतो, आणि तेवढ्या तालाचाच संकेत वेगळा काढता येतो. सोन्याच्या तुलनेत संवेदनक्षमता सुमारे एक लाख पट वाढल्याचे त्यांनी दाखवले आणि एचआयव्हीचा आरएनए अल्प प्रमाणात ओळखला. येथे हिरा शरीरात जातच नाही, त्यामुळे सुरक्षिततेचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. एचआयव्हीच्या लवकर निदानाची जेथे खरी गरज आहे, अशा ग्रामीण रुग्णालयांपर्यंत ही गोष्ट पोचायची, तर पट्टी वाचणारे यंत्र स्वस्त व्हायला हवे, कारण त्यात प्रकाशस्रोत, सूक्ष्मलहरी आणि कॅमेरा हे तिन्ही लागतात.

आपल्याकडे पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. कस्तुरी साहा यांचा गट याच केंद्रांवर आधारलेल्या हिऱ्याच्या सूक्ष्मदर्शकावर काम करतो. त्याचा एक रोख इलेक्ट्रॉनिक चिपांच्या तपासणीकडे आहे, पण तेच साधन जैविक नमुन्यांसाठीही वापरता येते. भौतिकीच्या विद्यार्थ्यांनी ते काम अवश्य पाहावे.

किरणमापक

मी कर्करोग रुग्णालयात वैद्यकीय भौतिकीचे काम करते. येथे सगळे भविष्यकाळाविषयी बोलत आहेत, म्हणून रोजच्या वापरातला हिरा सांगते. किरणोपचारात आता काही मिलिमीटर रुंदीचे झोत वापरले जातात आणि त्यांची मात्रा मोजण्यासाठी तितकाच छोटा शोधक लागतो. कार्बनचा अणुक्रमांक ६ हा ऊतींच्या सरासरीला जवळचा असल्यामुळे हिरा किरणांना ऊतींसारखाच प्रतिसाद देतो. सिलिकनच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. रोममधील तोर व्हेर्गाता विद्यापीठात विकसित झालेला आणि पीटीडब्ल्यू या जर्मन कंपनीने बाजारात आणलेला सूक्ष्म हिरा-शोधक ०.००४ घनमिलिमीटर एवढ्याच आकारमानातून मोजतो आणि त्याला बाहेरून विद्युतदाबही द्यावा लागत नाही. हिऱ्याची घनता पाण्याच्या साडेतीन पट असल्यामुळे फार लहान झोतांमध्ये दुरुस्तीचा गुणांक लावावाच लागतो, याची आठवण नव्या सहकाऱ्यांना वारंवार द्यावी लागते.

दंतवैद्य_नाशिक

दात कोरायची हिरेजडित बर प्रत्येक दवाखान्यात असते, तिच्याविषयी वेगळे लिहीत नाही. मात्र रूट कॅनालमध्ये भरायच्या गटापर्चात नॅनोहिरे मिसळून त्याला बळकटी देण्याचे काम लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात झाले आणि त्याची रुग्णांवरील प्राथमिक चाचणीही २०१७ साली प्रसिद्ध झाली. माझा प्रश्न असा की हे नॅनोहिरे शरीरात सुटले तर जातात कोठे?

शलाका

डॉक्टर, हिऱ्याचे विघटन करणारे कोणतेही एन्झाइम शरीरात नाही, त्यामुळे तो विरघळून जाईल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. प्राण्यांमध्ये शिरेतून दिलेले नॅनोहिरे मुख्यतः यकृत, प्लीहा आणि फुप्फुसात साठताना आढळतात. पेशींवरील अनेक अभ्यासांत ते इतर कार्बन नॅनोकणांपेक्षा सौम्य ठरले आहेत, परंतु यावरून सर्व नॅनोहिरे सुरक्षित असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. स्फोटाने बनवलेल्या नॅनोहिऱ्यांवर धातूंचे अंश आणि ग्राफाइटचा थर राहू शकतो, आणि शुद्धीकरण कसे झाले यावर सारे अवलंबून असते. पृष्ठभागावर हायड्रोजन आहे की ऑक्सिजन, कणांचे गठ्ठे झाले आहेत का, हे प्रत्येक उत्पादनासाठी स्वतंत्रपणे तपासावे लागते. दाताच्या मुळात घट्ट बसलेल्या भरणीतील कण आणि शिरेतून दिलेले कण यांचा धोका एका मापाने मोजू नये.

अभियंता_पदव्युत्तर

मी एम.टेक.चा विद्यार्थी आहे. दोन प्रश्न आहेत. दागिन्यांसाठी सीव्हीडी हिरे बनवणारे कारखाने भारतात एवढे असताना वैद्यकीय प्रतीचा हिरा येथेच का बनू नये? आणि टिटॅनियमवर बोरॉनयुक्त हिऱ्याचा थर असा माझा प्रकल्प ठरत आहे, त्यात कोणती मोजमापे घ्यावीत?

शलाका

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: यंत्रसामग्री पुष्कळ अंशी तीच आहे, परंतु उद्दिष्टे वेगळी आहेत. दागिन्याच्या हिऱ्यात रंग आणि पारदर्शकता पाहतात, आणि वाढीचा वेग वाढावा म्हणून थोडा नायट्रोजन चालवून घेतला जातो. पुंज सेन्सरसाठी किंवा किरणशोधकासाठी लागणाऱ्या हिऱ्यात नको असलेला नायट्रोजन अब्जांत काही भाग एवढाच चालतो, आणि इलेक्ट्रोडसाठी तर रत्नासारखा मोठा स्फटिक नको असून मोठ्या क्षेत्रावर एकसारखा, छिद्ररहित थर हवा असतो. केंद्र सरकारने २०२३ साली आयआयटी मद्रासला प्रयोगशाळेतील हिऱ्यांच्या संशोधनासाठी पाच वर्षांकरिता सुमारे २४३ कोटी रुपयांचे अनुदान मंजूर केले. त्यातील काही भाग अशा तांत्रिक प्रतींकडे वळावा, असे मला मनापासून वाटते. त्यानंतरही उपकरण म्हणून मान्यता मिळवायची, तर २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार जोखमीचा वर्ग ठरतो आणि आयएसओ १०९९३ मालिकेतील जैविक चाचण्या तयार उपकरणावर कराव्या लागतात. 'हिरा जैवसुसंगत आहे' एवढे विधान तेथे पुरत नाही.

दुसऱ्या प्रश्नाविषयी. रामन वर्णपटात, म्हणजे नमुन्याने विखुरलेल्या लेसर प्रकाशाच्या वर्णपटात, १३३२ प्रति सेंटिमीटरच्या रेषेजवळ हिरा आहे का हे सगळेच पाहतात. आपण ती रेषा किती सरकली आहे तेही पाहावे, कारण त्यावरून थरातील कोंडलेल्या दाबाचा अंदाज येतो. मात्र बोरॉनचे प्रमाण जास्त असले तर ती रेषा बोरॉनमुळेही सरकते, म्हणून तुलनेसाठी त्याच वेळी सिलिकनवर वाढवलेला नमुना शेजारी ठेवावा. थराची पकड मोजणारी खरवड परीक्षा कोरड्या नमुन्यावर करून थांबू नये. त्याच प्रकारचे नमुने फॉस्फेटयुक्त खाऱ्या द्रावणात शरीराच्या तापमानाला आणि त्याहून वरच्या तापमानाला काही महिने ठेवून ठरावीक अंतराने ती पुन्हा करावी, आणि त्या द्रावणात किती टिटॅनियम उतरले ते मोजावे. टिटॅनियम सापडले, तर छिद्र आहे. इलेक्ट्रोडची धारिता आणि अवरोध हे दोन्ही याच नमुन्यांवर दर वेळी नोंदवावेत, म्हणजे पकड सुटू लागण्याआधी विद्युत संकेतात काही बदल दिसतो का, हे कळेल. तसा बदल दिसला तर तो येथे जरूर कळवावा, मला त्याची आकडेवारी पाहायला आवडेल.